इंग्रजीतले कोणते वाक्प्रचार मराठीत रुळले, आणि ते मुळात आले कुठून?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडतोय) यांसारखे इंग्रजी वाक्प्रचार आले कुठून, आणि त्यांतले काही आपल्या मराठीतही आले आहेत का? मी रत्नागिरीत बरीच वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. यातला पहिला भाग दर पावसाळ्यात वर्गात कुणीतरी विचारायचंच. दुसरा भाग मात्र क्वचितच कुणाला सुचतो, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो.

आधी कुत्र्यामांजरांचं. व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट फिरते: जुन्या इंग्लंडात गवतानं शाकारलेल्या छपरांत कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस वाढला की घसरून खाली पडायची. ही रचलेली गोष्ट आहे. ज्यानं कोकणात शाकारलेलं घर पाहिलंय त्याला ती पटायचीच नाही. कुत्रा छपरावर चढून झोपत नाही, आणि पाऊस आला की प्राणी छपराखाली पळतो. छापील पुरावा बघितला तर १६५१ साली हेन्री व्हॉन या कवीनं कुत्र्यामांजरांच्या पावसाचा उल्लेख केलाय, त्याच सुमारास एका नाटकात 'कुत्रे आणि पोलकॅट' म्हणजे मुंगसासारखे प्राणी बरसतात, आणि आजच्या रूपातला वाक्प्रचार १७३८ साली जोनाथन स्विफ्टच्या लेखनात दिसतो. याच स्विफ्टनं १७१० साली लंडनच्या पावसावर कविता लिहिली होती. तिच्यात मेलेली मांजरं आणि बुडालेली कुत्र्याची पिल्लं गटाराच्या लोंढ्यातून वाहत येतात. म्हणून काही जण वाक्प्रचाराचं मूळ त्या कवितेत शोधतात. पण शब्द कवितेच्या साठ वर्षं आधीपासून होते, तेव्हा ते मूळ असू शकत नाही. उगमाची कुठलीही सुरस कथा ऐकली की मी आधी तारखा लावून बघतो. निम्म्या कथा तिथेच गळून पडतात.

आता आपल्याकडे आलेले.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे 'सिंहाचा वाटा'. हा सरळ 'लायन्स शेअर'चा अनुवाद आहे आणि तो मुळात इसापच्या गोष्टीतला. फीड्रस या लॅटिन कवीनं पहिल्या शतकात ती पद्यात सांगितली. गाय, शेळी, मेंढी आणि सिंह भागीदारीत शिकार करतात आणि मोठं हरीण मारतात. सिंह त्याचे चार भाग करतो. पहिला मी राजा म्हणून माझा, दुसरा मी भागीदार म्हणून माझा, तिसरा मी सगळ्यांत बलवान म्हणून माझा, आणि चौथ्याला कुणी हात लावला तर त्याची धडगत नाही. म्हणजे मूळ गोष्टीत सिंहाचा वाटा म्हणजे अख्खं हरीण! रोमन कायद्यानंही ही गोष्ट उचलली. ज्या भागीदारीत एकाला फक्त नफा आणि दुसऱ्याला फक्त तोटा, तिला त्यांनी 'सिंहाची भागीदारी' म्हटलं आणि ती रद्दबातल ठरवली. इंग्रजीत येईपर्यंत 'सगळं' याचं 'सगळ्यात मोठा भाग' झालं, पण घेण्याचा, बळकावण्याचा वास थोडा राहिलाच.

मराठीत काय झालं बघा. 'संघाच्या विजयात तिचा सिंहाचा वाटा आहे.' 'ही शाळा उभी करण्यात गावकऱ्यांचा सिंहाचा वाटा होता.' इथे कुणी काही घेत नाही, उलट देतंय. आपण सिंहाला घेणाऱ्याचा देणारा करून टाकला, आणि हे वाक्य कौतुकाचं झालं. मला वाटतं, हे घडलं आपल्या खारीमुळे. रामाच्या सेतूसाठी अंगाला चिकटलेली वाळू नेऊन झटकणारी खार आपल्या घराघरात आहे, आणि 'खारीचा वाटा' म्हणजे आपापल्या परीनं केलेली छोटीशी मदत. मराठी कानाला 'वाटा' म्हटलं की हा खारीचा वाटा आधी आठवतो. मग मोठी मदत म्हणजे काय? सिंहाचा वाटा! इसापचा सिंह रामाच्या सेतूवर कामाला लागला. हे माझं मत आहे, पण दोन्ही शब्द एकाच भाषणात किती वेळा जोडीनं येतात ते कान देऊन ऐका. सत्कार समारंभात तर हमखास. आता इंग्रजीतून मराठीत काही उतरवताना मात्र सांभाळा. 'कंपनीनं नफ्यातला लायन्स शेअर ठेवला' याचं भाषांतर 'नफ्यात कंपनीचा सिंहाचा वाटा' असं केलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल कंपनीनंच सगळी मेहनत केली.

'पेल्यातलं वादळ' हाही पाहुणाच. 'स्टॉर्म इन अ टीकप'. पण चहा युरोपात पोहोचण्याच्या कितीतरी आधी रोमन वक्ता सिसेरो यानं एका माणसाबद्दल लिहिलं होतं की तो पळीत लाटा उठवतोय. १६७८ साली ड्यूक ऑफ ऑर्मंडच्या पत्रात हे वादळ सायीच्या वाडग्यात आहे, १९व्या शतकात ते चहाच्या कपात आलं, आणि अमेरिकेत ते आजही किटलीत आहे. आपण त्याला पेल्यात ओतलं. भांडी बदलत गेली, अर्थ तसाच राहिला.

'नक्राश्रू' बघून कुणालाही वाटेल की हा थेट संस्कृतातून आलेला जुना शब्द आहे. गजेंद्रमोक्षात हत्तीचा पाय धरणारा नक्र आपल्या ओळखीचा. शिवाय माकडाचं काळीज मागणारी मगर आपण लहानपणीच ऐकलेली, त्यामुळे मगर ढोंगी असते हे आपल्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या गोष्टीचा जीव काळजात आहे, अश्रूंत नाही. खोटे अश्रू युरोपातून आले. १४व्या शतकात सर जॉन मॅन्डेव्हिल या नावानं लिहिलेलं एक प्रवासवर्णन तिथे फार वाचलं गेलं. त्यात हे प्राणी माणसांना मारतात आणि रडत रडत खातात असं लिहिलंय. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या तोंडीही बायकोच्या आसवांबद्दल हीच मगर येते. गंमत अशी की ही समजूत अगदीच निराधार नाही. २००६ साली फ्लोरिडात संशोधकांनी मगरीचे भाऊबंद असलेले सात अॅलिगेटर आणि केमन जमिनीवर खाताना नीट पाहिले. त्यांतल्या पाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींच्या तर फेसच. खाताना ते जोरानं फुत्कार टाकतात, ती हवा नाकामागच्या पोकळ्यांतून जाते आणि अश्रू बाहेर ढकलते, असं त्यांनी त्याचं कारण मांडलं. म्हणजे अश्रू खरे आहेत, दुःख तेवढं नाही.

आणि शेवटी 'पांढरा हत्ती'. अर्धवट पडलेलं धरण, न चालणारा प्रकल्प, पोसता पोसता नाकी नऊ आणणारी मालमत्ता, सगळ्यांना हे नाव. उगम म्हणून सांगतात की सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट द्यायचा. पवित्र प्राणी, त्याच्याकडून काम करून घेता येत नाही, विकता येत नाही, खाऊ घालता घालता सरदार भिकेला लागायचा. ही कथा इंग्रजांनी रंगवली, पण सयामी राजानं असं कधी केल्याचा पुरावा सापडलेला नाही. उलट पांढरा हत्ती कुठेही सापडला तरी तो राजाचा. तो दुसऱ्याला देणं म्हणजे आपलं राजेपणच देऊन टाकणं. १५६३ साली ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंग राजानं अयुथ्थयाकडे, म्हणजे तेव्हाच्या सयामी राज्याकडे, पांढरे हत्ती मागितले, नकार आला आणि लढाई झाली. १८५५ ते १९१६ या काळात सयामच्या लाल झेंड्यावर हाच हत्ती होता. इतक्या मानाच्या प्राण्याचं नाव आपण 'निरुपयोगी ओझं' म्हणून घेतो, हे मला आजही खटकतं. इंग्रजीत हा अर्थ १८५१च्या सुमारास रुळलेला दिसतो.

हे सगळं मी रत्नागिरीत शिकवताना एक वेगळाच धागा हाताशी असायचा. १८८४ साली बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्यानं ब्रह्मदेशाच्या राजाकडून एक पांढरा हत्ती मिळवला. तो न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा लोक हिरमुसले, कारण खरा पांढरा हत्ती दुधासारखा नसतो. तो राखाडी असतो आणि अंगावर फिकट गुलाबी चट्टे असतात. बार्नमच्या प्रतिस्पर्ध्यानं तर साधा हत्ती चुन्यासारखा पांढरा रंगवून उभा केला. हत्ती देणारा तो राजा म्हणजे थिबा. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मंडाले घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजवाड्यातला पांढरा हत्ती मेला आणि त्याचं धूड रस्त्यातून ओढत नेलं गेलं. थिबाला आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. ज्या थिबा पॅलेसवर मुलं सहलीला जातात तो त्याचाच, आणि पांढऱ्या हत्तीचा खरा धनी तिथे राहायचा हे सांगितलं की वर्गात मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची.