कॉलेज नंतर, आधी शाळा बघा

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.एस्सी. झाली. सीईटी दिली आहे, बी.एड. करायचं म्हणते. एका कॉलेजचा माणूस सांगून गेला, ‘रोज यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या. पाठांच्या वह्यांचं आम्ही बघतो.’ जाण्यायेण्याचा खर्च वाचेल. प्रवेश घ्यावा का?
– एक पालक, जिंतूर तालुका

उत्तर : भाऊ, घेऊ नका. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. या आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते. तो माणूस नेमकं हेच वाचवून देतोय.

विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं नि पदवी देतं, तुमच्याकडं ते नांदेडचं. पण वर्ग असतो शाळेकडं. या दोघांचं जमलं तरच छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, तयार होतो. बऱ्याच ठिकाणी जमत नाही, हेही सांगतो. शाळा म्हणते, बरं झालं, ऑफ तासाला माणूस मिळाला. कॉलेजचे सर एकदा येतात, मागच्या बाकावर बसून सही करतात.

माझंच बघा. सराव पाठात परावर्तन शिकवायला मी घरचा आरसा नेला होता. कॉलेजच्या निरीक्षकांनी पाठाच्या टाचणावर ‘छान’ लिहिलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मधल्या सुट्टीत म्हणाल्या, “मागच्या पोरांना आरसा दिसलाच नाही, तू फळ्याकडं तोंड करून उभा होतास.” निरीक्षकांचा शेरा कधीच विसरलो, बाईंचं ते वाक्य अजून वर्गात शिरताना आठवतं. असं बोलणारं माणूस शाळेत भेटतं, पण त्यासाठी तिथं महिना-दोन महिने राहावं लागतं.

आणि आपल्या भागातल्या शाळा निराळ्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं वर्गातून निघून जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना कुठून धरायचं, हे वहीत पाठ उतरवून कळत नाही.

नोकरीचंही सांगतो. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर, पुढं भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. डी.एड.वाल्यांच्या जागांवर आशा ठेवू नका.

प्रवेशफेरीत पर्याय भरण्याआधी एक दिवस काढा. लेकीला घेऊन कॉलेजात जा, तुमचे विद्यार्थी कोणत्या शाळेत जातात ते विचारा. जिल्हा परिषदेची एखादी आहे का, 16 आठवडे एकाच शाळेत ठेवता का, पाठ झाल्यावर विषयशिक्षक आणि तुमचे प्राध्यापक एकत्र बसतात का, हेही विचारा. मग त्या शाळेत जाऊन हेडसरांना भेटा. त्यांनी “कोणतं कॉलेज?” असं विचारलं, तर परतीची एसटी धरा.