मुंबईतल्या गार्डनिंग क्लबमध्ये नक्की काय चालतं? बाल्कनी नाही, फक्त खिडकीचं ग्रिल आहे, तरी जॉइन व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचके आहे, दक्षिणेच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, दोन वर्षांत सात-आठ रोपं गेली, आणि क्लब म्हणजे बंगलेवाल्यांची गुलाबांची स्पर्धा तर नाही ना अशी शंका आहे. मलाही अगदी हेच वाटायचं. मी मुलुंड पूर्वेला राहतो, सहा वर्षं आमच्या इथल्या एका छोट्या क्लबात जातोय, चाळीसेक माणसं आहोत, त्यातले निम्मे रिटायर्ड, आणि स्वतःची मोकळी जमीन म्हणावी अशी एकाकडेही नाही. सगळे ग्रिलवालेच. त्यामुळे जॉइन व्हा, आणि पहिल्यांदा जाताना मेलेलं रोप कुंडीसकट घेऊन जा. मस्करी नाही करत.

आमची महिन्यातून एक रविवारी सकाळी मीटिंग असते, सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि पहिला अर्धा तास फक्त आजारी नाहीतर मेलेल्या कुंड्यांचा. भाषण नाही, काही नाही, कुंडी टेबलावर ठेवायची आणि खरं खरं सांगायचं की पाणी किती घातलं, कुठे ठेवली होती, कोणी काय सांगितलं म्हणून काय ओतलं. मी पहिल्या दिवशी गुलाब घेऊन गेलो होतो, नर्सरीतून आणला तेव्हा चार फुलं होती, दीड महिन्यात काडी. एका काकूंनी (सत्तरीच्या असतील, पूर्वी शाळेत शिकवायच्या) काही न विचारता कुंडी उलटी केली, मी आणलेली छान माती सगळी पेपरवर पडली आणि मधे राहिला लाल चिकणमातीचा एक गोळा, नारळाएवढा, दगडासारखा कडक. मुळं सगळी त्याच्या आत. मला म्हणाल्या, "हे बघ, तू रोज पाणी घालत होतास ना, ते या गोळ्याच्या बाजूने खाली जात होतं, आत एक थेंब गेला नाही. पाण्यात उभं राहून तहानेने मेलं बिचारं." मग त्यांनी तो गोळा सुरीने कापून दाखवला, आत खरंच धूळ होती. नर्सरीवाले वाहतुकीत माती सांडू नये म्हणून अशा चिकट मातीत रोपं भरतात, त्यांची काही चूक नाही, पण घरी आणल्यावर पिशवी कापून तो गोळा अर्धा तास बादलीत बुडवायचा, बाहेरची माती सुटली की मग लावायचं, हे मला तोपर्यंत एकाही व्हिडिओत दिसलं नव्हतं. तुमच्या सात-आठांपैकी तीन-चार तरी यानेच गेली असणार, पैज लावतो.

बाकीची मला वाटतं खिडकीने घेतली. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे १५ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो (तो शून्य सावलीचा दिवस, पेपरात येतं दरवर्षी) आणि त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो तो २८ जुलैच्या सुमारास परत डोक्यावर येईपर्यंत. म्हणजे मधले जवळजवळ अडीच महिने दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शून्य, त्यात जून-जुलैचे ढग. आणि डिसेंबरात उलटं, सूर्य दक्षिणेला खाली असतो, ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं. आता तुम्ही थंडीत ग्रिल उन्हाने भरलेलं बघितलं असणार, खूश होऊन मोगरा-गुलाब आणले असणार आणि पावसात ते गेले असणार. आमच्याकडे एक आजोबा आहेत, रेल्वेत होते, ते नवीन मेंबरला आधी हेच करायला लावतात, की दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊ, बारा आणि तीनला खिडकीचा फोटो काढायचा. वर्षभर. लोकांना वेड्यासारखं वाटतं पण त्या बारा महिन्यांच्या फोटोंपुढे कुठलंही पुस्तक फिकं आहे, कारण समोरच्या टॉवरची सावली पुस्तकात नसते. आणि आमच्याकडे आता दर दोन वर्षांनी समोर नवीन टॉवर येतो, रिडेव्हलपमेंटची कृपा.

दक्षिणेच्या ग्रिलला पावसात पानओवा, पुदिना, नागवेल, मनीप्लांट एवढ्यावर भागवा. ऑक्टोबरपासून मेथी, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो, शेवंती, हवं ते. ऑफिस टाइम (सकाळी दहाच्या सुमारास उमलणारं छोटं फुलझाड) पण मस्त फुलतं तेव्हा.

आता वर्षभर काय चालतं ते. प्रत्येक क्लबाचं वेगळं असतं, मी आमचं सांगतो.

मीटिंगनंतर देवाणघेवाण. एका टेबलावर काड्या, बिया, कंद, पिल्लं, ज्याला जे हवं ते न्यायचं, पैसे नाहीत. नवीन माणसाकडे द्यायला काही नसतं आणि तो लाजतो, तर त्याला ब्रह्मकमळाचं पान देतात, ते मातीत खोचलं की झालं. (हे खरं ब्रह्मकमळ नाही बरं का. खरं हिमालयात होतं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते. आपल्याकडे घरोघरी आहे ते अमेरिकेकडचं निवडुंग आहे, पण हे आमच्या काकूंसमोर बोलू नका, त्या त्याची पूजा करतात.) आणि आमचा सगळ्यात आवडता कार्यक्रम त्याचाच आहे, जो कॅलेंडरवर टाकताच येत नाही. पावसाळ्यात कोणाकडे तरी कळी टपोरी होऊन मान वर करते, संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतो "आज उमलणार", आणि रात्री दहाला पंधरा-वीस माणसं छत्र्या घेऊन त्या घरी. साडेआठ-नऊला सुरुवात होते, बारापर्यंत पूर्ण उमलतं, सकाळी मान टाकलेली. मागच्या वर्षी एकाच्या घरी सहा फुलं होती, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सतरा जण, लाइट बंद केलेले, वास असा की घशाशी येतो, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बघायला आले की एवढ्या चपला बाहेर का, काही वाईट झालं का. त्यांनाही कॉफी दिली. आता तेही मेंबर आहेत.

गणपतीच्या आधीच्या रविवारी पत्री ओळखायला फिरतो. एकवीस पत्री सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, ओळखता येतात पाच. दादरला स्टेशनबाहेर जुडी विकत घेतली तर त्यात कुठल्याही झाडाची पानं असतात, देवदार तर हिमालयातला, तो त्या जुडीत कुठून येणार विचारू नका. आम्ही आघाडा, माका, रुई, धोत्रा, डोरली हे सगळं रिकाम्या प्लॉटच्या कडेला आणि नाल्याच्या भिंतीपाशी दाखवतो, दाखवतोच फक्त, ओरबाडत नाही, एकेक पान घ्यायचं. माझ्या मुलीला बारावी झाली तरी आघाडा आणि दूर्वा यात फरक कळत नव्हता, आता ती ट्रेनमधून रुळाकडेची रुई दाखवते. त्याच्याही आधी, पावसाच्या सुरुवातीला रानभाज्यांचा एक दिवस असतो, टाकळा, फोडशी, कंटोळी, ज्याला करता येतं तो घरून भाजी करून आणतो. शेवळं फक्त दोघी जणीच करतात कारण त्यात काकडं (आंबट रानफळं) नाही घातली तर घसा खवखवतो आणि एकदा एका हौशी माणसाने यूट्यूब बघून केली होती. सगळा हॉल खोकत होता.

जानेवारी-फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं झाडं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं, तीन दिवस, तिथे सगळे मिळून जातो. बाग १८६१ सालची आहे आणि मला विचाराल तर प्रदर्शनापेक्षा तिथली जुनी झाडं बघायला जा, पेंग्विनच्या रांगेत सगळा वेळ घालवू नका. गोरखचिंच बघा, कैलासपती बघा, खोडालाच फुलं येतात त्याला. फुलांच्या पुतळ्यांसमोर सेल्फीवाले असतात म्हणून आम्ही सकाळी लवकर जातो, नाहीतर मुंगीला वाट नाही. खरेदी मात्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी, स्टॉलवाल्यांना परत न्यायचं जीवावर येतं तेव्हा. भायखळ्याहून स्लो ट्रेनमध्ये मांडीवर कढीपत्ता घेऊन बसलेली दहा माणसं दिसली तर ते आम्ही. एकदा महाराष्ट्र निसर्ग उद्यानात पण गेलो होतो, माहीम-धारावीच्या मधलं, जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं केलेलं जंगल, १९९४ पासून खुलं आहे. कचऱ्यावर एवढी झाडं उभी राहतात हे बघून घरच्या कंपोस्टबद्दलची किळस बऱ्याच जणांची तिथेच गेली.

कंपोस्टची कार्यशाळा वर्षातून दोनदा. पानगळीत सफाईवाल्या दादांना सांगून सुक्या पानांची पोती भरून ठेवतो, कारण सगळ्यांची गडबड तिथेच होते, ओला कचरा टाकतात आणि सुकं कमी टाकतात, मग वास, चिलटं, अळ्या आणि घरात भांडणं. एक वाटी ओलं असेल तर दोन वाट्या सुकी पानं, एवढंच. अमृतजलही करतो, श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून पुढे आलेली पद्धत, दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना. पहिल्या वर्षी आम्ही पिंप गच्चीच्या जिन्याखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावरून लेखी तक्रार, "जिन्यात जनावर मेले आहे". सेक्रेटरींनी वॉचमनला शोधायला पाठवलं, त्याने जिने झाडून काढले, टाकीमागे बघितलं, शेवटी पिंपाचं झाकण उघडलं आणि तो बिचारा दोन दिवस जेवला नाही म्हणे. त्यानंतर आम्ही माफीनामा लिहून दिला आणि आता एका मेंबरच्या ठाण्याच्या भावाकडे करून बाटल्यांत भरून आणतो. तुम्ही वन बीएचकेमध्ये हे करू नका. खरंच नको.

कटकटी पण सांगतो. वर्गणी आमच्याकडे वर्षाला पाचशे आहे, त्यावरूनही भांडणं होतात. दोन माणसं प्रत्येक रोगावर ताक सांगतात. मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) आला तर ताकाने जात नाही, लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, चार थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं, आठवड्याने परत. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात, म्यूट करा.

आणि ग्रिलचा विषय आमच्याकडे एकदम कडक आहे. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की वीस किलोच्या पुढे जाते, अशा पाच कुंड्या म्हणजे ग्रिलवर दोन माणसं कायमची बसवल्यासारखं. जुन्या बिल्डिंगचं ग्रिल असेल तर वेल्डिंग आणि भिंतीतले खिळे आधी दाखवून घ्या, कुंड्या सहा-आठ इंची प्लास्टिकच्या घ्या, मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला म्हणजे वजन उतरतं, आणि काठावर बाहेरच्या बाजूला काहीही ठेवायचं नाही, खाली माणसं चालतात. ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासायची. डेंग्यूच्या डासाचं अंडं घातल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो, पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरी येऊन ताटल्या बघतात, अळ्या सापडल्या तर नोटीस. आमच्याच एका कमिटी मेंबरला आली होती, त्याच महिन्यात त्याचं "पावसाळ्यातील कुंड्यांची निगा" यावर बोलणं होतं. बोलला तरी, नोटीस दाखवून बोलला, सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं.

क्लब शोधायचा तर फेसबुकपेक्षा जवळच्या नर्सरीवाल्याला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं कोण माणसं दर महिन्याला घोळक्याने येऊन घासाघीस करतात. जिथे पहिल्याच मीटिंगला किट विकत घ्यायला लावतील तिथे परत जाऊ नका.

मुलुंड-भांडुपच्या बाजूला असाल तर खाली लिहा, पानओव्याच्या काड्या एवढ्या झाल्यात की बायको भजी तळून तळून कंटाळली.