दिव्यांग खेळाडूंना हल्ली बातम्यांत भरपूर जागा मिळते, मग अन्याय कसला?

मी कळव्याला राहते, गोळाफेक करते. डावा हात कोपराखाली नाही. तुम्ही म्हणता तशी जागा वाढली आहे, हे मलाही मान्य आहे. पॅरिस २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये आपली २९ पदकं आली, तेव्हा दखल घेतली गेलीच. माझं दुखणं त्या जागेत काय छापतात याचं आहे.

आपल्या सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी घ्या. एफ ४६ गटात त्यांनी १६.३२ मीटर गोळा टाकला आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण घेणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक १६.३८. फक्त ६ सेंटीमीटर! तिसरा क्रोएशियाचा, १६.२७. अशी चुरस क्रिकेटमध्ये झाली असती तर आठवडाभर चर्चा चालली असती. मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत मात्र लहानपणी सायकलवरून पडून हात कसा निकामी झाला तेच आधी, आणि फेक कुठेतरी शेवटच्या ओळीत.

गटाबद्दल तर कुणी अर्धी ओळही लिहीत नाही. एफ म्हणजे फील्ड, यात फेकीचे प्रकार येतात, ४६ म्हणजे हाताचं अपंगत्व. भालाफेकीत सुमित अंतिल (एफ ६४, कृत्रिम पाय लावून खेळणारे) ७०.५९ मीटर आणि नवदीप सिंह (एफ ४१, खूप कमी उंचीचे) ४७.३२ मीटर, दोघांनाही सुवर्ण. गट न सांगता हे छापलं तर वाचणाऱ्याला वाटणारच की इथे सगळ्यांना पदकं वाटतात. कुस्तीतले वजनी गट आपल्याला बरोबर कळतात ना?

माझ्या बाबतीतलं सांगते. राज्य स्पर्धेनंतर एक बातमीदार ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सरावाच्या वेळी आले. आईला विचारलं, ही वेणी कशी घालते? मला माझी फेक किती, हे एकदाही विचारलं नाही. बातमीला मथळा होता ‘नियतीवर मात’. त्याच पानावर शाळकरी मुलांच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक पूर्ण होता.

खरं तर त्या स्पर्धेत मी वाईट खेळले होते. दोन फेकी फाउल गेल्या, तिसरी सरावापेक्षा बरीच कमी पडली, आणि सर मला सगळ्यांसमोर बोलले. तेवढं जरी छापलं असतं ना, की हिचा पाय वर्तुळाबाहेर जातो, तरी मला बरं वाटलं असतं. पाय बाहेर जातो हे दिसायला आधी खेळ बघावा लागतो.