तुरुंगाच्या दुरुस्तीचा प्रोजेक्ट सांभाळताना नेमकं काय अवघड जातं?

बांधकाम त्यातल्या त्यात सोपं हो, खरं डोकं खातं ते म्हणजे साइट कधीच रिकामी मिळत नाही, कैदी आतच असतात, त्यामुळे एक बरॅक रिकामी करायची, माणसं दुसरीकडे हलवायची, काम उरकायचं आणि मग पुढची, आणि आधीच गर्दी असेल तर हलवणार कुठे? म्हणून कामाचे टप्पे तुरुंग अधीक्षकासोबत बसूनच ठरवा. मजुरांची नावं आधी मंजूर करून घ्या. हातोडी, छिन्नी, वायरचा तुकडा, सगळं सकाळी मोजून आत आणि संध्याकाळी मोजून बाहेर. गेटवरच्या झडतीत जाणारा वेळ शेड्यूलमध्ये धरलाच नाही तर कंत्राटदार रोज भांडणार.

पैसे आधी पाणी आणि संडासांवर घाला, रंगरंगोटी राहू द्या (साहेबांना नेमकी तीच हवी असते). रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे आकडे हाताशी ठेवा: सामायिक कोठडीत माणशी ३.४ चौरस मीटर, २५ जणांमागे १ संडास, दिवसाला माणशी १० ते १५ लिटर पाणी.

आणि सेप्टिक टँक कोण उपसणार, पंपाचं डिझेल कोण भरणार, हे काम सुरू व्हायच्या आधीच करारात लिहून घ्या.