पुनरुत्थानाचा विश्वास: सुरुवात कुठून करावी

ताई, येशू मरणातून उठला या विश्वासाची सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही वडोदऱ्याहून विचारलंत. घाई करू नका. रोज सकाळी 15 मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 20 आणि 21 वाचा. उठलेला प्रभू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजतो आणि दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो, तिथे जरा थांबा. मग 1 करिंथ 15, म्हणजे करिंथकरांस पौलाच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. वचनं 58 आहेत, रोज दहाच घ्या.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, सुरुवात करणं. ते नंतर.
- शंका आली की मंडळीत (चर्चमध्ये) जाणं बंद करणं. येशूचा शिष्य थोमा याला प्रभू उठल्याची शंका होती, तरी आठ दिवसांनी तो शिष्यांमध्येच होता, म्हणून तर प्रभू त्याला भेटला.
- ईस्टर झाला की विषय संपला असं समजणं. प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच दिवस.

वडोदऱ्यात उपासना गुजरातीत असली, तरी घरची प्रार्थना मराठीतच करा. मनातलं आडपडदा न ठेवता बोलता येतं.

आणि दुःखाच्या घरी गेलात तर ‘रडू नका, स्वर्गात भेट होईल’ असं लगेच म्हणू नका. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार होता तो येशूसुद्धा आधी रडला. चहाचा थर्मास न्या, शेजारी बसा. आशेचं बोलणं त्यांनी विचारल्यावर.