चौदा लाखांची बाइक आणि महिन्याची अठ्ठावीस हजारांची शिल्लक

आधी वाचकाचं पत्र थोडक्यात सांगते. वय २९, गाव कराडजवळ, नोकरी हिंजवडीत, हातात पगार ९२ हजार. वाकडला भाडं, जेवणखाण आणि इतर खर्च मिळून ३७ हजार जातात, घरी १५ हजार पाठवतात, एसआयपी १२ हजारांची आहे. एफडीत साडेसहा लाख आहेत. सात वर्षं २०० सीसीची गाडी चालवली, आता ६०० सीसी वर्गातली चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट नवीकोरी घ्यायची आहे. ऑन-रोड कोटेशन १४ लाख १० हजारांचं. एफडी मोडून ४ लाख १० हजार भरायचे आणि उरलेल्या १० लाखांचं पाच वर्षांचं कर्ज साडेअकरा टक्क्यांनी काढायचं. प्रश्न असा: ‘हप्ता २२ हजार बसतो, शिल्लक २८ हजार राहते. म्हणजे जमतंय ना? की मी वेडेपणा करतोय?’

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. नववीत असताना कराडच्या एसटी स्टँडसमोर अशी गाडी पहिल्यांदा पाहिलीत, आणि तिचा आवाज कित्येक रात्री कानात राहिला. पंधरा वर्षं टिकलेली ओढ आहे ही. तिला वेडेपणा म्हणणार नाही. माझ्याकडे येणारी बरीच मंडळी शेजाऱ्याने घेतली म्हणून मोठी गाडी घेतात आणि दोन वर्षांत ती पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून असते. तुमचं तसं नाही. त्यामुळे ‘बाइक म्हणजे पैसा वाया’ असं सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही.

पण हिशेब तुम्ही फक्त हप्त्याचा केलात. गाडीचा केलेला नाही.

तुम्ही महिन्याला सहाशे किलोमीटर धराल म्हणता, म्हणजे वर्षाला सात हजार. ही गाडी लिटरला सोळाच्या आसपास देईल, म्हणजे पेट्रोलचेच वर्षाला पंचेचाळीस हजार. मागचा टायर १८० सेक्शनचा, म्हणजे १८० मिलिमीटर रुंद, आणि मऊ रबराचा. तो सात-आठ हजार किलोमीटरवर बदलायला येतो, तेव्हा टायरचे वर्षाला सरासरी तीस हजार धरा. सर्व्हिसिंगचे पंचवीस, दुसऱ्या वर्षापासून विम्याच्या नूतनीकरणाचे तीस. सगळं मिळून वर्षाला एक लाख तीस हजार, महिन्याला अकरा हजार. हप्ता धरून तेहतीस हजार झाले आणि तुमची शिल्लक अठ्ठावीस. ते पाच हजार कुठून येणार हे तुम्हालाही माहीत आहे: एसआयपीतून. आधी ‘या महिन्यापुरतं’ म्हणून थांबेल, मग कायमची.

आता पाच वर्षांचा पूर्ण हिशेब. सुरुवातीचे ४ लाख १० हजार. हप्त्यांपोटी १३ लाख २० हजार, त्यात व्याज ३ लाख २० हजार. वापराचा खर्च, पहिल्या वर्षीचा विमा किमतीतच धरलेला असल्याने, साधारण ६ लाख २० हजार. एकूण साडेतेवीस लाख. पाच वर्षांनी गाडीला सहा लाख आले असं धरू. म्हणजे निव्वळ साडेसतरा लाख गेले आणि गाडी चालली पस्तीस हजार किलोमीटर. किलोमीटरला पन्नास रुपये. रविवारी पुण्याहून पाचगणीला जाऊन आलात की दोनशे किलोमीटर, दहा हजार रुपये. पगार अडीच लाख आणि पाठीशी भक्कम पुंजी असती, तर मी म्हटलं असतं, आनंदाची ही किंमत तुम्हाला मान्य असेल तर खुशाल घ्या. आज ती किंमत तुमच्या आईवडिलांच्या वाट्यातून जाते आहे, आणि मला टोचतं ते हेच.

पत्रात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, आणि दोघांचा आरोग्यविमा कंपनीच्या पॉलिसीत आहे. त्याच नोकरीच्या भरवशावर हप्ताही आहे. उद्या नोकरी गेली तर पगार, विमा आणि हप्त्याची सोय एकाच दिवशी जाईल. एफडीत तेव्हा २ लाख ४० हजार उरलेले असतील. घरखर्च, गावी पाठवायचे पैसे आणि हप्ता मिळून महिन्याला ७४ हजार लागतील. सव्वातीन महिने निघतात. आयटीत सध्या नवी नोकरी मिळायला किती वेळ लागतो, हे तुमच्या टीममधून गेलेल्यांनाच विचारा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ३५० सीसीच्या वरच्या बाइकवर ४० टक्के कर आला. आधी सेस धरून ३१ टक्के होता. त्याच दिवसापासून स्वतः काढलेल्या आरोग्यविम्यावरचा आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. म्हणजे तुम्हाला हवी असलेली गोष्ट महाग झाली आणि तुम्हाला गरज असलेली स्वस्त झाली. आईवडिलांची वेगळी पॉलिसी आणि तुमचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, दोन्ही मिळून महिन्याला पाच हजारांच्या आसपास बसेल. आधीपासूनच्या आजारांसाठी पॉलिसीत जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, त्या काळात त्या आजारांचा खर्च विमा कंपनी देत नाही. तो आज सुरू झाला तर वडील एकसष्टचे होईपर्यंत संपेल. अर्जात बीपी लिहा, एजंट नको म्हणाला तरी लिहा. टर्म प्लॅनच्या अर्जातही बाइकिंगबद्दल जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या.

आता गाडीबद्दल दोन शब्द, कारण कोटेशनच्या कागदावर त्या गोष्टी दिसत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची अशीच गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आडवी झाली. वेग शून्य. पाऊस झाला होता, पेव्हर ब्लॉकमध्ये साइड स्टँड रुतला आणि गाडी डावीकडे कलंडली. तो एस्टिमेट घेऊन माझ्यासमोर बसला होता. डावं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, क्लच लिव्हर, बार-एंड, आरसा, इंजिनचं बाजूचं कव्हर. ९६ हजार. त्याने झिरो डेप, म्हणजे दाव्यात घसारा न कापण्याची जादा सोय, घेतलं नव्हतं, दोन हजार वाचवायला. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या गाड्यांचं अंग म्हणजे प्लास्टिकच. निम्म्याच्या आसपास रक्कम त्याच्या खिशातून गेली. तो कागद घडी घालून खिशात ठेवताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. ज्याला ९६ हजारांचा धक्का सोसवत नाही, त्याला ही गाडी निवांत चालवता येत नाही, हे मी त्याच दिवशी शिकले.

दुसरी गोष्ट रस्त्याची. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर. राहतो तो कराडला जाणारा आपला महामार्ग, खंबाटकीचा घाट, ताम्हिणी, वरंधा. ही गाडी पहिल्याच गिअरमध्ये ऐंशीच्या पुढे जाते. चालवण्याचा आनंद यानं कमी होत नाही, घाटाच्या वळणात तो वेगळाच असतो, हे मी नवऱ्याच्या मागे बसून अनुभवलं आहे. पण चौदा लाखांतला बराच भाग ज्या ताकदीसाठी आहे, ती आपल्या रस्त्यांवर क्वचितच वापरली जाणार, हे पैसे भरण्याआधी मनाशी स्पष्ट असू द्या. आणि २०० वरून थेट या वर्गात उडी घेणार असाल तर एकदा ट्रॅकवरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. त्या खर्चाला मी कधीच नाही म्हणणार नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नाही, नवी नाही, कर्जावर नाही. पण घ्या.

साडेसहा लाखांतले ३ लाख २० हजार आपत्कालीन निधी म्हणून बाजूला काढा, सहा महिन्यांचा घरखर्च आणि गावचे पैसे त्यात बसतात. त्यांना हात लावायचा नाही. उरले ३ लाख ३० हजार. महिन्याच्या २८ हजारांतून विम्याचे पाच हजार गेले की २३ हजार राहतात. ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या आरडीत वळवा. अठरा महिन्यांत ४ लाख १४ हजार होतात. पत्रात लिहिलेला सव्वा लाखाचा बोनस धरला आणि व्याज धरलं तर नऊ लाखांच्या जवळ पोचता. एसआयपी एका रुपयानेही हलत नाही. या अठरा महिन्यांचा आणखी एक फायदा आहे. दरमहा २३ हजार वेगळे काढताना जीव मेटाकुटीला आला, तर ३३ हजारांचं ओझं कसं झालं असतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. घरात लग्नाचं बोलणं चालू आहे, तेही तोवर मार्गी लागेल. होणाऱ्या बायकोला ही गाडी आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

नऊ लाखांत याच वर्गातली तीन-चार वर्षांची गाडी शोधा. विमा कंपन्या तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची किंमत ४० टक्के उतरवूनच धरतात, बाजारही बऱ्यापैकी त्याच वाटेने जातो. पहिल्या मालकाने नव्या गाडीच्या किमतीवर १२ टक्के रोड टॅक्स भरलेला असतो, तो तुम्हाला पुन्हा भरावा लागत नाही, मात्र गाडी एमएच पासिंगची हवी. बंगळुरूची किंवा दिल्लीची स्वस्त दिसली तरी एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा, बहुतेक वेळा ती स्वस्त राहत नाही. अशा गाड्या मालकांनी कमी चालवलेल्या असतात, दहा-बारा हजार किलोमीटरच्या सहज मिळतात.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, इंजिन थंडच बघायचं आहे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टॉपर, म्हणजे हँडल जिथे अडतं ते टोक, बघा. ते चेपलेले असतील तर गाडी जोरात आपटलेली आहे, फेअरिंग कितीही चकचकीत असो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, तेव्हा टायरचे पैसे किमतीतून वजा करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका. आणि सोबत असा मेकॅनिक न्या ज्याचा त्या विक्रीत काही हिस्सा नाही.