हिवाळ्यात नॉर्वेला जाऊन समुद्रात कॉड पकडायचा आहे. जानेवारी बरा की मार्च? थंडी झेपेल का? (मी मासे खात नाही, फोटो काढून सोडून देणार.)

कंसातलं वाक्य नसतं तर 'मार्चमध्ये जा, लोकर घाला' एवढं लिहून मोकळा झालो असतो. पण ते वाक्य आमच्या घरात आधी एकदा येऊन गेलंय आणि त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा थोडी लांबण लागेल.

मी वर्सोव्याचा, कोळी. आजोबांनी आयुष्यभर डोल जाळी लावली, आजी वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, बोंबील सुकवायची. मी जहाजांच्या इंजिनांच्या धंद्यात पडलो, नॉर्वेत बर्गनला नोकरी लागली आणि इथलाच झालो. हिवाळ्यात रजा जमली की उत्तरेला लोफोटेन बेटांवर जातो, ते स्क्रेईसाठी. स्क्रेई म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला स्थलांतर करणारा कॉड. सात-आठ वर्षं तिकडे वाढतो आणि वयात आला की जानेवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनच्या वेस्टफ्योर्डमध्ये येतो. बाराव्या शतकात राजा ऑयस्टाइननं या हंगामाला येणाऱ्या मच्छीमारांसाठी खोपटी बांधून दिली होती म्हणतात. आज त्याच धर्तीच्या लाल लाकडी घरांत टूरिस्ट उतरतात, आणि भाडं ऐकून आर्क्टिकमध्येही घाम फुटतो.

तर, माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानानं मोठा. तो मला अरे-तुरे करणार, मी त्याला अहो-जाहो. ठाण्याचा माणूस, मटण-चिकन सगळं चालतं, मासा मात्र 'वास येतो' म्हणून वर्ज्य. एका मार्चमध्ये दोघं नवरा-बायको आमच्याकडे आले होते. नॉर्दर्न लाइट्स बघायचे म्हणून लोफोटेनमधल्या स्वोल्व्हेरला गेलो, लाइट्सच्या जागी ढग दिसले, आणि मग साडूच म्हणाला, चल, मासे पकडू. तुमच्यासारखंच त्यानंही आधी सांगून टाकलं, 'मारायचा नाही हं, सोडून द्यायचा.' मी हसण्यावारी नेलं.

बोट जुन्या लाकडी मच्छीमार बोटीची डागडुजी करून टूरिस्टांसाठी केलेली. नाखवा साठीचा, अबोल, बोटं बाटलीच्या बुचाएवढी जाड. बंदराबाहेर पडून तासाभरात त्यानं इंजिन मंद केलं आणि फिश फाइंडरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तळ दीडशे मीटरवर, आणि नव्वद मीटरच्या आसपास लाल जाड पट्टा. तो पट्टा म्हणजे मासा. स्क्रेई तळाला बसत नाही; वरचं गार पाणी आणि खालचं उबदार पाणी जिथे भेटतं त्या थरात थवा धरून असतो. नवशिके वजन तळाला टेकवून बसतात आणि शेजाऱ्याला मासा लागला की नशिबाला बोल लावतात. नशीब नाही, मीटर मोजा. दोरीला दर दहा मीटरवर रंग बदललेला असतो, तो त्यासाठीच.

साडूच्या हातात रॉड, टोकाला चारशे ग्रॅमचं माशाच्या आकाराचं लोखंड, त्याच्या वर दोन गळांवर लाल रबराच्या अळ्या. आमिष वगैरे काही लावायचं नाही. दहाव्या मिनिटाला रॉड वाकला. माणूस जोरात ओरडला, ते मी आजवर त्याच्या तोंडून भारत-पाकिस्तान मॅचलाच ऐकलंय. कॉड सुरुवातीला डोकं झटकतो, दणकेबाज, खांद्यापर्यंत जाणवतं. पण निम्म्या वाटेवर एकदम जड आणि मुकाट होतो. साडूला वाटलं मासा दमला. तो दमलेला नसतो, आतून फुगत असतो. पाण्यावर आधी बुडबुडे आले, मग खालून पांढुरकं पोट वर येताना दिसलं. बारा किलोच्या पुढचा मासा, हनुवटीखाली तो एकुलता एक मिशीचा दोरा, पाठीवर तपकिरी ठिपके, पोट टम्म.

फोटो झाले. नाखवा केबिनमध्ये बोट वाऱ्याकडे वळवत होता. तेवढ्यात साडूनं मासा दोन्ही हातांवर घेतला, कठड्याबाहेर वाकला आणि पाण्यात सोडला. 'जा बाळा,' असं म्हणाला. खरंच म्हणाला.

बाळ गेलं नाही. पोट वर करून तिथेच तरंगत राहिलं. शेपूट दोनदा हलली, डोकं खाली घालून बुडी मारायचा प्रयत्न केला आणि बुचासारखा परत वर आला. काळ्या पाठीचे ते थोराड सीगल तुम्ही पाहिले असतील तर ठाऊक असेल, ते असल्या माशाचे डोळे आधी काढतात. दोन उतरलेच. साडू तोवर 'हात गारठले' म्हणत चहाला आत गेला होता. नाखव्यानं काही न बोलता बोट फिरवली, लांब दांड्याच्या हुकानं मासा वर ओढला, कल्ल्याखाली सुरी फिरवून रक्त काढलं आणि टबात टाकला. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, 'अन्नाशी खेळत नाहीत.' साडूकडे त्यानं परत पाहिलंही नाही.

आता हे असं का होतं. घोळीचा बोत लाखांनी विकला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तोच अवयव कॉडलाही असतो, हवेची पिशवी, पाण्यात अधांतरी राहायला. कॉडच्या पिशवीला घशात उघडणारी नळी नसते. हवा रक्तातूनच हळूहळू भरते आणि हळूहळूच निघते. नव्वद मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दहापट. तुम्ही दोन-तीन मिनिटांत मासा वर ओढलात की ती हवा दहापट व्हायला बघते. पिशवी फाटते, हवा पोटात पसरते, कधी जठर तोंडात येतं. असा मासा 'सोडणं' म्हणजे आठव्या मजल्यावरून ढकललेल्या माणसाला 'जा, तू मोकळा' म्हणण्यासारखं आहे.

आणि तरीही त्या रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो पडला: साडू, मासा, मागे बर्फाचे डोंगर, खाली 'आर्क्टिकमध्ये एका जीवाला जीवदान'. हात जोडलेल्या इमोजींचा पूर आला. माझ्या सासूबाईंनी लिहिलं, 'मासे मारणाऱ्यांनी शिकावं.' हे कुणाला उद्देशून होतं ते समजायला फार अक्कल लागत नाही. मी ग्रुपवर गप्प बसलो, कारण मोठा साडू, पाहुणा, आणि बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. पण ज्या वेळी ते इमोजी येत होते त्या वेळी तोच मासा आमच्या ताटात होता. नाखव्यानं तो मलाच दिला होता. म्योल्ये केलं: मासा, त्याचंच लिव्हर आणि त्याचीच गाबोळी (अंडी), तिन्ही वेगवेगळं उकडायचं, सोबत बटाटे. मसाला म्हणाल तर मीठ, लिव्हरमध्ये थोडा कांदा. पहिल्यांदा खाणाऱ्याला फिकं वाटतं. मी सोबत लोणचं घेतो, नॉर्वेजियन मित्र कपाळाला हात लावतात. थोरल्या ताईंनी गाबोळी दोनदा मागून घेतली. साडू ब्रेड-बटर खात होता. मासा कुठला ते त्यानं विचारलं नाही, आणि मला अजूनही वाटतं की त्याला माहीत होतं.

स्वोल्व्हेरला मार्चमध्ये स्क्रेई पकडण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिथेही मासा धक्क्यावर आणतात, वजन करतात आणि तो खाण्यात जातो. नॉर्वेत व्यावसायिक बोटींना कॉड समुद्रात परत फेकायला १९८७ पासून बंदी आहे, मेलेला मासा फेकून कोटा वाचवू नये म्हणून. मुंडकीसुद्धा वाया जात नाहीत. धक्क्यावर शाळकरी पोरं खिळ्यावर मुंडकं टोचून एका झटक्यात जीभ कापतात, जिभा विकून हातखर्च काढतात. उरलेली मुंडकी वाळवून नायजेरियाला जातात. मुंडकं काढलेला मासा जोडीजोडीनं शेपट्या बांधून लाकडी मांडवांवर टांगतात, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, मिठाचा कणही न लावता. इथली थंडी शून्याच्या आसपास रेंगाळते, म्हणून तो गोठून फुटत नाही आणि सडतही नाही. पुढे इटलीवाले त्याला सोन्याचा भाव देतात. वलांडी बघत वाढलेल्या माणसाला ते मांडव बघून काय वाटतं ते सांगत बसत नाही.

कुणीतरी विचारणारच: आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते, मग हे लोक नेमके विणीच्या हंगामातच कसे मारतात? इथे हिशेब महिन्यांवर नाही, टनांवर चालतो. नॉर्वे आणि रशिया मिळून दरवर्षी बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा ठरवतात. २०१३ ला तो दहा लाख टन होता, २०२५ ला ३ लाख ४० हजारांवर आला. म्हणजे मासा कमी झालाय. अशा वेळी मासे नुसत्या फोटोसाठी मारून वर त्याला जीवदान म्हणणारा माणूस मला जाळंवाल्यापेक्षा जास्त खटकतो.

बरं, तुमचे प्रश्न. जानेवारीत जाऊ नका. स्वोल्व्हेर अडुसष्ट अंशांवर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य उगवतच नाही, नंतरही दिवस हातभर, वादळं जास्त आणि थवे नीट जमलेले नसतात. मार्चच्या मध्यावर बारा तासांचा दिवस असतो. थंडीचा बाऊ करू नका. उबदार प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही, हवा शून्याच्या चार-पाच अंश इकडेतिकडे. मनालीला याहून जास्त थंडी खाल्ली असेल. छळतो तो वारा, आणि ओले हात. अंगालगत लोकर घाला, सुती बनियन बॅगेतच राहू द्या. बूट एक नंबर मोठे. वरचा तरंगणारा सूट बोटवाले देतात. लोकरीच्या हातमोज्यांवर मच्छीमारांचे रबरी मोजे चढवा, स्कीइंगचे भारी मोजे पाच मिनिटांत भिजून जातात. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, वेस्टफ्योर्डमध्ये उसळी असते.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण गाइडसोबत तीन-चार तासांचे माणशी हजार क्रोनरच्या पुढे धरा. परदेशी माणसाला समुद्रात रॉडनं मासे पकडायला लायसन लागत नाही, पकडलेलं विकता मात्र येत नाही. देशाबाहेर न्यायचं असेल तर नोंदणीकृत व्यावसायिकाकडूनच मासेमारी केलेली हवी आणि वजनाची मर्यादा आहे. ती गेल्या काही वर्षांत कमी होत आलीय, जाण्याआधी ताजी बघून घ्या. स्वतः बोट भाड्यानं घ्यायचा विचार पहिल्या खेपेला सोडा. आणि राक्षसी मासाच हवा असेल तर लोफोटेन विसरून आणखी उत्तरेला, फिनमार्कच्या स्योरओया बेटावर जा. ४७ किलोचा जागतिक विक्रमाचा कॉड तिथेच २०१३ ला लागला.

आता एक गोष्ट साडूच्या बाजूनंही, नाहीतर कुणी जाणकार खाली येऊन मला झोडपेल. सगळेच सोडलेले मासे मरत नाहीत. दहा-पंधरा मीटर पाण्यातला छोटा कॉड, गळ ओठातच अडकलेला, हात ओले करून पटकन सोडला तर बऱ्याचदा जगतो. इथे उत्तरेत ४४ सेंटिमीटरच्या खालचा कॉड जिवंत असेल तर सोडावाच लागतो. ते मला मान्य. पण हिवाळी स्क्रेई उथळ पाण्यात नसतो आणि ४४ सेंटिमीटरचाही नसतो, त्यामुळे तुमच्या बेताला या सवलतीचा उपयोग नाही.

मासा मारायचाच नसेल तर स्वोल्व्हेरच्याच धक्क्यावरून ट्रोलफ्योर्डला समुद्री गरुड दाखवणाऱ्या बोटी हिवाळ्यातही सुटतात, त्याचं तिकीट काढा. गळ टाकायची हौस असेलच तर बोटीवर चढतानाच नाखव्याला सांगा की मासे तुमचे, मी खात नाही. त्याच्याकडे खाणारी माणसं भरपूर आहेत.